आवडतं ठिकाण

"फिरायला कुठे जाता?" असं टेबलामागच्या टायवाल्याने विचारलं. कॉलेजच्या गेटाबाहेर एका बँकेने रंगीत छत्री लावून टेबल मांडलं होतं, कार्डाचा अर्ज भरणाऱ्याला पाण्याची बाटली फुकट होती आणि फिझाने मला बाटलीसाठीच ओढत नेलं होतं. तिने स्वतःच्या अर्जावर आवडत्या ठिकाणाच्या रकान्यात इस्तंबूल लिहून टाकलं होतं. पनवेलच्या पुढे ती एकदाच गेली होती, तेही दाताच्या डॉक्टरकडे, पण लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडला नाही. माझा अडला. टायवाला म्हणाला, "अहो, सोपा प्रश्न आहे. जिथे जाऊन बरं वाटतं असं ठिकाण." मला खरंच काही सुचेना, मग सुचलं ते तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, "कर्जत." तो हसला. वाईट हसला नाही, मोकळा हसला, आणि म्हणाला, "कर्जतला तर आम्ही येतो फिरायला, मॅडम." त्याने माझं नाव, पत्ता, फोन सगळं आपल्या टॅबवर भरून घेतलं आणि कागदी अर्ज माझ्या हातात दिला. त्यावर आईची सही आणि तो एक रकाना एवढंच राहिलं होतं. बाटली मात्र मिळाली.

त्याचं ते वाक्य घेऊन मी शेअर रिक्षात बसले आणि कडावपर्यंत ते माझ्या मांडीवरच बसून आलं. खरं तर त्यात काही चूक नव्हतं. शुक्रवार संध्याकाळपासून आमच्या रस्त्याने गाड्या लागतात त्या रविवार संपेपर्यंत. काच खाली होते, गार हवेचा एक झोत बाहेर येतो आणि कोणीतरी विचारतं की तळ्याकाठचं रिसॉर्ट कुठे आहे. मी लहानपणापासून लोकांना रस्ता सांगत आले आहे. डावीकडे वळा, भाताची गिरणी लागेल, तिथून सरळ. मला उलट कोणी विचारलं नाही की तू कुठे निघालीस, आणि विचारलं असतं तरी मी घरीच निघालेली असायची. मागच्या पावसाळ्यात एका बाईने आमच्या बांधावर उभं राहून फोटो काढले, मग आईला म्हशीजवळ उभं केलं आणि म्हणाली, किती शांत जीवन आहे तुमचं. आईने मान हलवली. त्या वेळी म्हशीने तिचा पाय तुडवला होता, म्हणून ती शांत होती.

मी गेले होते कुठे? खालापूरला सुरेखाआत्याकडे, दर दिवाळीला. रसायनीला, बाबांच्या कंपनीने कामगारांच्या मुलांना एकदा आत बोलावून लाडू वाटले तेव्हा. शाळेची सहल खोपोलीला गेली होती, वीजकेंद्र बघायला. डोंगरावरून उतरणारे मोठमोठे पाइप आम्ही खालून बघितले, मास्तरांनी पाण्यातून वीज कशी येते ते सांगितलं, आम्ही डबे खाल्ले आणि परत आलो. मला आठवतं, मी पाइपांच्या वर, जिथे ते सुरू होतात तिथे बघत होते आणि विचारत होते की वर काय आहे. मास्तर म्हणाले, वर घाट, आणि घाटाच्या वर पुणं. एवढं म्हणून त्यांनी हजेरी घेतली. आत्याच्या गच्चीवरून एक्स्प्रेसवेचा टोलनाका दिसतो. संध्याकाळी तिथे दिव्यांची रांग लागते, आणि मी आणि आत्येभाऊ कठड्याला टेकून गाड्या मोजायचो, लाल माझ्या, पांढऱ्या त्याच्या. पांढऱ्याच जास्त असायच्या. तो नेहमी जिंकायचा, पण त्या गाड्या जायच्या दुसऱ्यांच्याच.

फिझाने दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझा वर्ग घेतला. कार्डं दोन, निळं आणि हिरवं. निळं विमानवाल्यांचं. खर्च करत राहायचं, पॉइंट साठत राहतात, पॉइंटचं तिकीट होतं, आणि विमानतळावर लाउंजमध्ये फुकट बसायला मिळतं, चहा-नाश्ता पाहिजे तेवढा. हिरवं रेल्वेचं, बसचं, साध्या हॉटेलांचं. पॉइंट कमी, पण वापरता येतात. आपल्याला पगार नाही, त्यामुळे बँक आपल्या नावावरची एफडी तारण ठेवून घेते आणि तेवढ्यावर कार्ड देते. "एफडी मोडायची नाही, फक्त अडकवायची," फिझा म्हणाली. तिने हे सगळं मोबाइलवर बघून पाठ केलं होतं. मग समोशाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "देख, तू हिरवं घे. तू कुठे विमानात बसणारेस?" तिचं बरोबर होतं. मला रोज कडाव ते कर्जत जायचं होतं आणि कर्जत ते कडाव यायचं होतं. पण त्या क्षणापासून हिरवा रंग माझ्या डोक्यात गेला. आमच्याकडे खिडकीबाहेर दुसरं आहे काय, सगळं हिरवंच.

एफडी होती, माझ्या आणि आईच्या नावावर. आईने दुधाच्या पैशातून साठवलेली. घरात तिला सुरभीची एफडी म्हणत, आणि म्हणताना आवाज किंचित खाली येई, म्हणजे पुढचा शब्द न बोलताच सगळ्यांना कळे. तो शब्द लग्न. मी आईला सांगायला बसले तेव्हा ती दुधाच्या चरव्या घासत होती. मी निळ्या-हिरव्या कार्डांच्या पॉइंटपासून सुरुवात केली आणि तिथेच घसरले, कारण आमच्या भागात पॉइंट म्हणजे माथेरानचे कडे. "पॉइंट गोळा करून काय करनार? मुंबईची पोरं तिथं फोटो काढाय जातात नि पडतात." मी म्हटलं, तसे पॉइंट नाहीत. मग मी लाउंजवर आले. विमानतळावर लाउंज असतं, तिथे आपल्याला फुकट बसता येतं. आईचे हात थांबले. "लॉज?" ती म्हणाली. "फुकट?" मी म्हटलं, लॉज नाही, लाउंज. ती म्हणाली, तेच ते. मग मी जमिनीवर बोटाने लिहून दाखवलं, ला, उं, ज, आणि सांगितलं की तिथे खुर्च्या असतात, चहा असतो, विमानाची वेळ होईपर्यंत माणसं बसतात, नवराबायको पोराबाळांसह बसतात. आई ऐकत होती की नाही ते कळेना. ती एकेका चरवीत डोकावून बघत होती. शेवटी म्हणाली, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. बाबा पंखा बदलायला बघू म्हणतात, आणि पंखा माझ्या जन्माआधीचा आहे. बघू म्हटलं की भांडण होत नाही, रुसवा होत नाही, गोष्ट फक्त कोपऱ्यात जाऊन बसते आणि सगळे तिच्या भोवतीने वावरतात. मी अर्ज पुस्तकात ठेवला. रोज रिक्षात ते पुस्तक उघडायचे आणि त्या रिकाम्या रकान्याकडे बघायचे. गोवा लिहून मोकळं व्हायला काही हरकत नव्हती. सगळे गोवा लिहितात. पण पेन टेकवलं की वाटायचं, कोणीतरी खांद्यावरून वाकून विचारेल, गेली होतीस का गं?

टॅबवर भरलेल्या पत्त्यावर, मी कॉलेजात असताना, बँकेचा माणूस चौकशीला आला. प्रवीण नावाचा, खोपोलीचा, शर्ट पँटीत खोचलेला, काखेत फाइल. हे सगळं मला चंद्राकाकीने सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा इतका फुलला होता की मला आधी वाटलं तिच्या गायीला कालवड झाली. चंद्राकाकीचं घर आळीच्या तोंडाशी आहे. आळीत येणाऱ्याला तिच्या ओट्यावरून जावंच लागतं आणि ओट्यावर ती असतेच. प्रवीणने विचारलं, सुरभी संतोष इथेच राहतात का, तुम्ही किती वर्षं ओळखता, स्वभाव कसा आहे, घरी कोण कोण असतं, वडील कुठे नोकरीला. आता खोचलेला शर्ट घालून, फाइल घेऊन, मुलीचा स्वभाव विचारणारा माणूस आमच्या आळीत एकाच कामासाठी येतो. काकीने त्याला खुर्ची दिली, पोहे केले, वर खोबरं घातलं. आणि शेजारणीने स्थळाच्या चौकशीत जे बोलायचं असतं ते सगळं बोलली.

"मी बोलले, पोरगी म्हंजे गाय हाय. कॉलेज नि घर, घर नि कॉलेज. इकडं तिकडं पाऊल नाय टाकत. तो बोलला, प्रवास वगैरे करतात का? मी बोलले, छे, प्रवास कसला, खोपोलीला जायचं तरी बाप संगं लागतो. तो बोलला, खर्च? मी बोलले, हातावं पैसं ठेवलं तरी परत आनून देते. त्यानं सगळं लिवून घेतलं गं. लय सज्जन मानूस. पोहे परत मागून खाल्ले." तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला तिच्यावर रागावता येईना. तिने माझ्यासाठी एवढं खोबरं कधीच किसलं नव्हतं.

बँकेचा फोन आला तेव्हा मी कडावच्या नाक्यावर उभी होते. फोनवरची मुलगी अतिशय गोड बोलत होती. म्हणाली, मॅडम, तुमच्या पत्त्याची तपासणी झाली, सगळं उत्तम आहे, फक्त शेरा असा आलाय की अर्जदार प्रवास करत नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी प्रवासाच्या कार्डापेक्षा आमचं किराणा कार्ड जास्त योग्य राहील, डाळी, तेल, साबण सगळ्यावर सूट. मी काही बोलायच्या आत एक मोठी गाडी थांबली आणि तळ्याकाठचं रिसॉर्ट कुठे म्हणून विचारू लागली. मी एका कानाला किराणा कार्ड धरून दुसऱ्या हाताने डावीकडे वळायला सांगितलं. गाडी गेली, धूळ राहिली. मला चक्क रडू येत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती. तो शेरा खोटा असता तर मी भांडले असते. अर्जदार प्रवास करत नाहीत. इतकं खरं वाक्य माझ्याबद्दल आजवर कोणी लिहिलं नव्हतं, आणि ते लिहिणाऱ्याने माझं तोंडही पाहिलं नव्हतं. चंद्राकाकीने माझी स्तुती केली होती, आणि बँकेने ती स्तुती उलटी धरून वाचली तर तिच्यात किराणा निघाला. मग एकदम मला वाटलं की तिशीत, चाळिशीत, आईच्या वयाची होईपर्यंत मी या नाक्यावर उभी राहून हात डावीकडे करत असेन, आणि लोक म्हणतील, किती शांत. मी फोनवर म्हटलं, "मी प्रवास करते. तुम्ही परत माणूस पाठवा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती म्हणाली, ठीक आहे मॅडम, येत्या काही दिवसांत पाठवू.

चंद्राकाकीला सगळं समजावलं तेव्हा ती कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. "बँकेचा होता? मंग आदी सांगायचं ना गं. मी खोबरं तरी घातलं नसतं." मग तिला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, आता येऊ दे, मी असं सांगते की त्याची फाइल भरंल. तिने तयारी सुरू केली. कॉलेजला जाताना मला अडवायची आणि गावांची नावं विचारायची. दिल्ली झाली, सिमला झालं. "अजून लांबचं सांग गं एक." मी फिझाचं इस्तंबूल दिलं. ती ते दिवसभर म्हशीला पाणी दाखवताना घोकायची. आणखी काय काय असतं विचारलं तर मी लाउंजही सांगितलं. ते चुकलंच माझं.

पण आळीत एकदा स्थळ आलं म्हटलं की ते आलेलंच असतं, मग ते बँकेतून का येईना. बातमी खालापूरला पोचली. सुरेखाआत्याने फोन करून आईला धारेवर धरलं की माझ्या भाचीला स्थळं येतात आणि मला पत्ता नाही. आई सांगत राहिली, तो बँकवाला होता. आत्या म्हणाली, बँकेत आहे म्हणजे बरंच आहे की. आणि मागे पडायला नको म्हणून तिने स्वतःकडचं एक खरंखुरं स्थळ काढलं, मुलगा खोपोलीला कारखान्यात. त्याचे मामा, सहदेवराव, रविवारी सहज येऊन जातील. आईने मला हे शनिवारी सांगितलं, दूध गाळताना, माझ्याकडे न बघता. "बघाय नाय येत, नुसती विचारपूस." मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. नको म्हणायचं. पण नको म्हणायला पुढे काहीतरी हवं लागतं, हे नको कारण मला ते हवंय, आणि ते म्हणजे नेमकं काय तो रकाना माझ्याकडे कोराच होता. मी म्हटलं, "बघू." आईने दूध गाळायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. तिचाच शब्द होता, तिला त्याचा अर्थ पाठ होता.

रविवारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. बाबा पाळीवर गेले होते. आई पडवीत होती. खिडकीतून काकीचा ओटा आणि आमचं दार दोन्ही दिसतं. आळीच्या तोंडाशी एक गृहस्थ मोटरसायकलवरून उतरले. शर्ट खोचलेला, हातात पिशवी, पिशवीत काहीतरी चौकोनी, ते नंतर कळलं की मिठाईचं खोकं होतं. त्यांनी विचारलं, संतोषरावांची सुरभी इथंच का? काकी उठून उभी राहिली. मी हातात सुरी घेऊन तशीच थिजले. मला ओरडायला हवं होतं. मी पाय उचलला आणि परत ठेवला. तेवढ्यात गाडं सुटलं.

"सुरभी?" काकी म्हणाली. "ती घरात असते कधी? आज हितं तर उद्या तिथं. दिल्ली म्हनू नका, सिमला म्हनू नका. त्या इस्तंबोलला तर सारखी." सहदेवराव म्हणाले, "कुणासंगं जाते?" "संगं कशाला कोन लागतंय? एकटी जाते. विमानानं." "खर्च?" "पान्यासारखा." ते बिचारे पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. काकीला वाटलं, अजून पुरेसं पटलं नाही. तिने आवाज चढवला, "आवो, इतकी जाते की लॉजवाले पन ओळखतात. पैसं सुदा घेत नाय तिच्याकडून."

सहदेवरावांनी वळून आमच्या पडवीकडे बघितलं. आई दारात आली होती. तिच्या हातात रिकामी चरवी होती आणि डोक्यावर पदर होता. तिला माहीत होतं ते कोण आहेत, तिनेच सकाळी अंगण सारवलं होतं. तिने एकच वाक्य बोलायचं होतं, की ही चंद्रा काहीतरी घोटाळा करतेय दादा, आत या. तेवढ्यावर सगळं जागेवर आलं असतं, पोहे आले असते, मी बाहेर गेले असते. मी तिच्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, आता ती म्हणेल. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि समोर कांदा होता म्हणून ते बरं दिसत होतं. सहदेवराव म्हणाले, "ताई, ह्या काय बोलतात? लॉजवर?"

आईने चरवी खाली ठेवली. "लॉज नाय," ती म्हणाली. "लाउंज. विमानतळावं असतं. खुर्च्या असतात, चहा-नाश्ता असतो. पोराबाळांची मानसं बसतात." तिने तो शब्द बरोबर म्हटला, मी जमिनीवर लिहून दाखवला होता तसा, तीन तुकड्यांत. मग दुधाचा हिशेब सांगावा तितक्या साधेपणी म्हणाली, "बाकी सगळं खरं हाय. पुढल्या महिन्यात परत जायाची हाय."

सहदेवराव चांगले माणूस होते. त्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला, मुलगी हुशार दिसते म्हणाले, आणि मिठाईचं खोकं पिशवीतच ठेवून मोटरसायकलला किक मारली. चंद्राकाकी धावत आली आणि विचारू लागली, "बरोबर बोलले ना गं? लिवून कायच नाय घेतलं त्यानं." आईने तिला सांगितलं की लय बरोबर बोललीस, आणि झाकलेल्या पोह्यांची परात तिच्याच हातात दिली.

आत्याचा फोन वाजत राहिला. मी विचारलं, आत्याला काय सांगशील? आई म्हणाली, "बघू." मग हात पुसून माझ्यासमोर बसली. "आन तो कागद." मी पुस्तकातून अर्ज काढला. तिने सही केली, तिच्या नावातल्या छा ला जरा वेळ लागला. "निळं का हिरवं करत होतीस ना? निळंच घे आता. मी विमान बोलले चार मानसांत. हिरवं घेशील तर मी खोटी पडंन." मला हसू आणि हुंदका एकदमच आले. तिने बोट त्या कोऱ्या रकान्यावर ठेवलं. "हे काय राह्यलंय?" मी म्हटलं, आवडतं ठिकाण, मला सुचत नाहीये. आणि मग, इतक्या दिवसांत मला एकदाही न सुचलेला प्रश्न विचारला. "तू कुठे गेली असतीस?"

गोठ्यातून म्हैस ओरडली, धारेची वेळ झाली होती. आई गुडघ्यावर हात टेकून उठली, चरवी उचलली, आणि दारात थांबून म्हणाली, "जिथं म्हस नसल, तिथं. कुठं पन."

मी ते जसंच्या तसं लिहिलं.